‘घरची माणसं’ नावाचा रकाना

कृषी अर्थशास्त्रातल्या एम.एस्सी.चं तिसरं सेमिस्टर. शेतकरी कुटुंबांच्या पीक-खर्चाचा सर्व्हे संपला होता. भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर रचून ठेवले होते आणि मी पलंगावर मांडी घालून त्यातले आकडे एक्सेलमध्ये चढवत होते. बियाणं, खतं, औषधं, भाड्याचा ट्रॅक्टर, रोजंदारीची माणसं. त्यांच्या पुढचा रकाना होता ‘घरची माणसं’. पैसे दिले का? नाही. मग खर्च शून्य. पहिल्या ओळीत शून्य टाईप केलं, कोपरा पकडून खालपर्यंत ओढलं आणि शंभरेक कुटुंबांचा निकाल एका झटक्यात लावून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रिंट बघितली. पेन्सिलीनं त्या रकान्याभोवती वरपासून खालपर्यंत एक लांबट गोल काढला.

“हे शून्य तुला कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे... पैसे दिलेच नाहीत ना, मॅडम.”

“पैसे दिले की नाही ते मी विचारलंच नाही. शून्य कोणी सांगितलं?”

कोणीच सांगितलं नव्हतं. उलट लोकांनी मला दिवस सांगितले होते. पान सातवर ते माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: पेरणीला घरचे किती जण, किती दिवस, खुरपणीला किती, मळणीला किती. ते सगळे दिवस मी शून्यानं गुणले होते.

हल्ली ओळखीतली दोन-तीन मुलं विचारतात की ‘कृषी अर्थशास्त्र घ्यावं का, त्यात नक्की शिकवतात काय?’ मला दर वेळी तो पेन्सिलीचा गोलच आठवतो. त्यामुळे अभ्यासक्रमाची माहिती हवी असणाऱ्यांना हे लिखाण थोडं वाकडंतिकडं वाटेल. त्याला माझा इलाज नाही.

पहिल्या वर्षी मला हा विषय म्हणजे अर्थशास्त्राची धाकटी, जरा मळके कपडे घातलेली बहीण वाटला होता. तेच मागणी-पुरवठ्याचे वक्र, तीच लवचिकता (भाव हलला की मागणी किंवा पुरवठा किती हलतो ते), फक्त उदाहरणात यंत्राऐवजी गहू. हा समज एका कोष्टकानं मोडला. चार्ल्स डेव्हनंट यांनी ते १६९९ मध्ये इंग्लंडमध्ये छापलं, पण ओळखलं जातं ग्रेगरी किंग यांच्या नावानं. धान्याचं पीक नेहमीपेक्षा एक दशांश घटलं, तर भाव तीन दशांश चढतो. दोन दशांश घटलं तर आठ दशांश. तीन दशांश घटलं तर सोळा दशांश. वर्गात आम्हाला हे कोष्टक उलटं वाचायला लावलं. समजा घटायच्या ऐवजी पीक वाढलं, तर? भाव पिकापेक्षा जास्त वेगानं कोसळेल. म्हणजे सगळ्यांचं चांगलं पिकलं, तर सगळ्यांच्या हातात मिळून आधीपेक्षा कमी पैसे येतील. एकट्याचं चांगलं पिकलं तर तो सुखी. सगळ्यांचं पिकलं तर कोणीच नाही. माणसाचं पोट ताणून ताणून किती ताणणार? धान्य स्वस्त झालं म्हणून कोणी दुप्पट जेवत नाही.

त्याला जोडून लगेच एंगेल आला. हा मार्क्सचा मित्र एंगेल्स नव्हे. परीक्षेत दर वर्षी कोणीतरी ती चूक करतंच, आमच्या वर्षी ती मी केली. अर्न्स्ट एंगेल हे सॅक्सनीतले संख्याशास्त्रज्ञ. बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे खर्चाचे हिशेब घेऊन १८५७ मध्ये त्यांनी दाखवलं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा, आणि उत्पन्न वाढत जातं तसा तो वाटा घटत जातो. हे वाक्य वाचताना साधं वाटतं. पण शेतकऱ्याच्या बाजूनं वाचलं तर त्याचा अर्थ असा की जग श्रीमंत होत जाईल तसा जगाच्या खिशातला त्याचा हिस्सा लहान होत जाणार. त्यानं काही चूक केली म्हणून नाही, पोटाची रचनाच तशी आहे म्हणून. यात विलर्ड कॉक्रेन यांचं १९५८ मधलं पायचक्कीचं उदाहरण मिसळायचं: नवं तंत्र आधी उचलणारा कमावतो, बाकीचे मागून येतात, उत्पादन वाढतं, भाव उतरतात आणि शेवटी सगळे जास्त वेगानं पळत जागच्या जागीच असतात. एवढं सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात पचवल्यावर ‘शेतीत काय शिकायचं असतं?’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायची माझी हौस फिटली.

भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्याचं नाव असलेल्या सिद्धांताबद्दल थोडंसं, कारण त्यात माझे आठ मार्क गेले. डुकरांचे भाव चढले की सगळे डुकरं वाढवायला घेतात. ती विक्रीला येईपर्यंत बराच काळ जातो. मग सगळ्यांची एकदम येतात, भाव पडतो, सगळे धंदा आवरता घेतात आणि पुढच्या खेपेला टंचाई. जर्मनीत आर्थर हानाऊ यांनी १९२८ मध्ये या चक्राचा अभ्यास मांडला. आलेखावर भाव आणि उत्पादनाचे ठिपके जोडत गेलं की जाळ्यासारखी आकृती होते, म्हणून निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये तिला हे नाव दिलं. पुरवठ्याची लवचिकता मागणीपेक्षा कमी असली तर जाळं आतल्या बाजूला मिटत जातं, जास्त असली तर बाहेर फेकलं जातं. मी मिटणारे वक्र काढून त्यांच्यावर फेकलं जाणारं जाळं विणलं होतं. तपासणाऱ्यांनी बाजूला नुसतं उद्गारचिन्ह दिलं होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. शेतकरी दर वेळी गेल्या खेपेचाच भाव धरून चालतो आणि दर वेळी फसतो, हे या सिद्धांतानं गृहीतच धरलं होतं. १९३५ मध्ये कोस आणि फाउलर या दोघांनी ब्रिटनमधल्या डुकरांचेच आकडे काढून सांगितलं की असं दिसत नाही, पाळणारे एवढे भोळे नाहीत. १९६१ मध्ये जॉन म्यूथ यांनी पुढचा प्रश्न विचारला: प्रत्येक वेळी त्याच पद्धतीनं फसणारा माणूस सिद्धांतात घ्यायचाच कशाला? त्यातून विवेकी अपेक्षांची कल्पना आली, म्हणजे माणूस हाताशी असलेली सगळी माहिती वापरून पुढचा अंदाज बांधतो ही, आणि तिनं पुढे सगळं समष्टी-अर्थशास्त्र, म्हणजे अख्ख्या देशाच्या उत्पन्नाचं आणि महागाईचं अर्थशास्त्र, ढवळून काढलं. मध्यवर्ती बँका आज ज्या कल्पनेवर डोकं चालवतात तिच्या जन्माच्या वेळी खोलीत शेतमालाचे भाव बसलेले होते. धाकट्या बहिणीबद्दलचं माझं मत इथे पूर्ण बदललं.

आणि थ्यूनेन. हा मला सगळ्यांत आवडलेला माणूस, कारण तो स्वतः शेती करत होता. योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन यांनी जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग भागात टेलो नावाची शेतजमीन घेतली आणि वर्षानुवर्षं तिचे बारीक हिशेब ठेवले. त्या हिशेबांतून १८२६ मधलं त्यांचं पुस्तक आलं. सपाट मैदान, मधोमध एक शहर, चहूकडे सारखीच जमीन, मग कुठे काय पिकेल? शहराला चिकटून दूध-भाजी, कारण ती नासते. त्याच्या बाहेर जंगल! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण तेव्हा सरपण लाकडाचं होतं, लाकूड जड, लांबून आणणं परवडत नाही. त्यापलीकडे धान्य आणि सर्वांत बाहेर जनावरं, कारण ती आपल्या पायांनी चालत बाजारात येतात. वाहतुकीचा खर्च एवढ्या एका गोष्टीवरून त्यानं सगळा नकाशा काढला.

याच थ्यूनेनच्या थडग्यावर एक सूत्र कोरलेलं आहे. मजुराची ‘नैसर्गिक’ मजुरी म्हणजे त्याच्या निर्वाहाला लागतं ते गुणिले त्याच्या हातून होणारं उत्पादन, आणि या गुणाकाराचं वर्गमूळ. हे सूत्र बरोबर आहे असं आज बहुतेक कोणी मानत नाही. पण ज्या माणसानं आयुष्यभर शेतीचा खर्च लिहिला, त्याला शेवटी दगडावर कोरण्यासारखा प्रश्न कोणता वाटला, तर मजुरी किती धरायची. माझ्या प्रिंटवरच्या पेन्सिलीच्या गोलात नेमकं हेच होतं, फक्त मला ते तेव्हा दिसत नव्हतं.

सर्व्हेबद्दल पुस्तकात एक प्रकरण असतं. नमुना कसा निवडावा, प्रश्न कसा विचारावा, उत्तर सुचवू नये वगैरे. ते सगळं पाठ करून गेले होते. पहिल्याच दिवशी कळलं की ‘खुरपणीला घरचे किती दिवस लागले?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणजे उत्तर मिळतं, पण ते माझ्यासाठी जागेवर तयार केलेलं असतं. घरधनी ओसरीवरून सांगतो, “धरा दहा-बारा.” आतून आवाज येतो, “वीस तरी झाले असतील.” मग दोघांचं आपसात चालतं आणि मी पेन उचलून थांबते. एका घरी मी बाईंनाच विचारलं, तर त्यांनी मला उलट विचारलं,

“ताई, बियाणं निवडून ठेवते ते यात धरायचं का? दुपारी बसून करते, इतर कामं उरकल्यावर.”

प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती. मी समासात ‘बी निवडणे’ असं लिहिलं, कोड दिला नाही आणि पुढच्या पानावर गेले. हे समासातलं लिखाण पुढे एक्सेलमध्ये अर्थातच आलं नाही.

आठवणीतून दिवस विचारले की काय होतं याचा एक सुंदर अभ्यास टांझानियात झाला आहे, २०१८ मध्ये छापून आलेला. काही कुटुंबांना संशोधकांनी हंगामभर दर आठवड्याला विचारलं, काहींना हंगाम संपल्यावर एकदाच. एकदाच विचारलेल्यांनी दर माणशी, दर तुकड्यामागे सांगितलेले तास आठवड्यावाल्यांच्या चौपटीपर्यंत गेले. म्हणजे फुगवून सांगितले? तसंही नाही. हंगाम सरल्यावर त्यांना जमिनीचे काही तुकडेच आठवले नाहीत, काम करणारी काही माणसंही आठवली नाहीत. एका बाजूला फुगलं, दुसऱ्या बाजूला गळलं आणि संपूर्ण कुटुंबाची बेरीज दोन्हीकडे जवळपास सारखी आली. हा निबंध मी तीनदा वाचला. बेरीज बरोबर आणि आतलं सगळं चूक, असं किती तक्त्यांच्या बाबतीत असेल या विचारानं थोडी झोपही गेली.

तर, मॅडमच्या प्रश्नानंतर मी शून्यं पुसली आणि सरळ उपाय केला. पान सातवरचे घरचे दिवस घेतले, रोजंदारीच्या चालू दरानं गुणले आणि खर्चात टाकले. माझ्या मते प्रश्न सुटला होता. आदल्या आठवड्यात नफ्यात असलेली निम्म्याहून जास्त शेतं आता तोट्यात गेली, आणि जितकं शेत लहान तितका तोटा खोल. मला वाटलं, मोठा शोध लागला. तक्ता रंगीत करून नेला, तोट्याच्या ओळी लाल.

मॅडमनी तो बघितला. “मग ही माणसं शेती का करतात?”

“पर्याय नाही म्हणून?”

“हे तुझ्या तक्त्यात कुठे आहे?”

कुठेच नव्हतं. त्यांनी कपाटातून एका जुन्या लेखाची झेरॉक्स काढून दिली. अमर्त्य सेन यांचा १९६२ चा लेख. त्यात तीन निरीक्षणं होती: घरच्या श्रमाला बाजाराच्या मजुरीनं मोल लावलं तर भारतातली बरीचशी शेती परवडत नाही असं दिसतं, शेत जितकं मोठं तितकी ती जास्त परवडते, आणि एकरी उत्पादन मात्र लहान शेतातच जास्त निघतं. माझ्या रंगीत तक्त्यातला मोठा शोध माझ्या जन्माच्या कितीतरी आधी छापून झाला होता. सेन यांचं म्हणणं असं की बाजारातल्या मजुरीचा दर हा घरच्या माणसाच्या श्रमाचा खरा खर्च नाही. दर दिवशी त्या दरानं काम मिळेलच याची खात्री कुठे आहे? घरचा माणूस आपल्या शेतात राबतो तो आणखी एका दिवसाची कमाई त्या दराइतकी खाली आली म्हणून थांबत नाही, त्याच्या पुढे जातो. म्हणून लहान तुकड्यात श्रम जास्त ओतले जातात आणि एकरी पीक जास्त येतं.

त्याच्याही आधी चायानोव. अलेक्झांडर चायानोव हे रशियातले कृषी अर्थशास्त्रज्ञ. शेतकरी कुटुंबांच्या आकडेवारीचे डोंगर उपसून त्यांनी १९२५ च्या पुस्तकात मांडलं की शेतकरी कुटुंबाला कारखान्यासारखं मोजताच येत नाही. तिथे मालक आणि मजूर वेगळे नसतात, नफा आणि मजुरी वेगळी काढता येत नाही. वर्षाअखेरीस घरात येतं ते एकच काहीतरी, सगळ्यांच्या कष्टाचं मिळून. खाणारी तोंडं आणि राबणारे हात यांचा हिशेब जसा, तसं कुटुंब काम करतं. मुलं लहान असतात तेव्हा खाणारे जास्त, हात कमी. तेव्हा एकेका मोठ्या माणसाच्या अंगावर काम चढतं. मुलं हाताशी आली की उतरतं. कष्ट कुठे थांबतात? आणखी एक दिवस राबण्याचा शीण त्या दिवसानं येणाऱ्या घासापेक्षा जड वाटायला लागतो तिथे. चायानोवना १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. त्यांचं पुस्तक इंग्रजीत यायला १९६६ उजाडलं. शेतकरी कुटुंबाचा हिशेब सरकारी नकाशात बसत नाही, असं आकडेवारीनिशी सांगणं तेव्हा जिवावर बेतत होतं. माझे फार तर मार्क जाणार होते.

चायानोव वाचल्यावर मी माझ्या गठ्ठ्यांकडे परत गेले. लहान मुलं असलेल्या घरांत दर माणशी दिवस खरंच जास्त आहेत का? दिशा तीच दिसत होती, पण अगदी पुसट. नमुना एवढा लहान होता की त्यावर काही ठामपणे बोलणं बरं दिसलं नसतं. तसंच प्रबंधात लिहिलं. आज वाटतं, त्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच आहे.

लहान शेतात एकरी पीक जास्त, या गोष्टीचंही पुढे काय झालं बघा. अनेक वर्षं ती शेती-अर्थशास्त्रातली पक्की गोष्ट मानली जायची, जमीन-सुधारणांच्या बाजूनं तिचे दाखले दिले जायचे. मग इथिओपियाच्या माहितीवरचा एक निबंध २०१८ मध्ये आला. शेतकऱ्यांनी सांगितलेलं उत्पादन धरलं तर लहान तुकडा पुढे. पण पीक कापणी प्रयोग करून, म्हणजे शेतात चौकट आखून तेवढंच कापून, वजन करून उत्पादन धरलं, तर तो फरक नाहीसा होतो. मग इतकी वर्षं जे दिसत होतं त्यातलं किती शेतातलं आणि किती सांगण्यातलं? यावर अजून भांडणं चालू आहेत. मला हा विषय आवडतो त्याचं मोठं कारण ही भांडणं. इथे सिद्धांत पडतो तो नव्या गणितानं कमी आणि कोणीतरी तराजू घेऊन शेतात गेल्यानं जास्त.

शेवटच्या सेमिस्टरला ‘अन्नव्यवस्था’ नावाचा ऐच्छिक विषय घेतला. त्यात शेत हा एक छोटा डबा, बाकी गाडी लांबलचक: साठवण, प्रक्रिया, वाहतूक, दुकानं, ताट, कचरापेटी. पहिले काही तास मला ते सगळं फार पसरट वाटलं. सगळ्याचा सगळ्याशी संबंध आहे असे बाण काढलेल्या आकृत्या बघून मला अजूनही जांभई येते. पण त्याच वर्गात मला माझा रकाना पुन्हा भेटला, तोही अनपेक्षित ठिकाणी: राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात.

घरी खाण्यापुरतं धान्य पिकवलं, विकलं नाही, तरी ते राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे घरासाठी लांबून पाणी भरून आणलं तर तेही उत्पादनात मोडतं. पण तेच धान्य त्याच पाण्यात शिजवलं, तर ते धरत नाहीत. हंडा उंबऱ्याच्या आत आला की हिशेब संपला. ही रेघ कुठे मारायची याचं एक सरळ उत्तर मार्गारेट रीड यांनी १९३४ मध्येच दिलं होतं: जे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येईल, ते उत्पादन. जेवण दुसऱ्याकडून करवून घेता येतं, म्हणून स्वयंपाक हे उत्पादन. जेवण आपल्यासाठी दुसऱ्याला जेवता येत नाही, म्हणून जेवणं हे उत्पादन नाही. इतकी स्वच्छ कसोटी मी अर्थशास्त्रात फार कमी ठिकाणी बघितली आहे. हिशेबाच्या नियमांनी तिला मान डोलावली आणि रेघ होती तिथेच ठेवली.

त्याहून विचित्र गोष्ट २०१३ ची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकारानं भरणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत रोजगाराची व्याख्या बदलली. आता मुख्यतः घरी खाण्यासाठी पिकवणारा माणूस ‘काम’ करतो, पण त्याला ‘रोजगार’ आहे असं म्हणत नाहीत. या बदलामागे कारणं आहेत, वाईट हेतू नाही. सगळ्या प्रकारची कामं वेगवेगळी मोजता यावीत हाच उद्देश होता. पण परिणाम बघा. एखादी बाई कालही त्याच शेतात वाकून होती, आजही आहे. मधल्या रात्रीत ती रोजगाराच्या आकड्यातून बाहेर गेली. जिथे घरापुरती शेती जास्त, तिथे हा आकडा उतरतो, बायकांचा विशेष. बातमी वाचणारा म्हणणार, बायका शेतीतून बाहेर पडल्या.

जगात ६० कोटींहून जास्त शेतं आहेत. त्यातली सुमारे ८४ टक्के दोन हेक्टरपेक्षा लहान. त्यांच्याकडे शेतजमिनीचा साधारण १२ टक्के वाटा आणि जगातलं साधारण ३५ टक्के अन्न त्यांच्यातून येतं. हे आकडे वर्गात पडद्यावर आले तेव्हा शेजारची मैत्रीण कुजबुजली, “एवढी सगळी तुझी शून्यं.” ती तेव्हापासून मला शून्यच म्हणते.

त्याच विषयात दडलेल्या खर्चाचा हिशेब शिकवतात. अन्नाच्या किमतीत जे दिसत नाही ते: बिघडलेलं आरोग्य, वाहून गेलेलं नत्र, हवेत गेलेला वायू, राबणाऱ्यांची गरिबी. अन्न आणि कृषी संघटनेनं २०२३ च्या अहवालात जगभराचा असा दडलेला खर्च वर्षाला किमान १० लाख कोटी डॉलर काढला, आणि त्यातला ७० टक्क्यांहून मोठा भाग चुकीच्या आहारातून होणाऱ्या आजारांचा. खरं सांगायचं तर या आकड्यावर माझा फार विश्वास नाही. इतक्या वेगवेगळ्या जखमा एकाच चलनात आणून बेरीज करायची म्हटली की वाटेत बरंच काही मनानं ठरवावं लागतं. शिवाय श्रीमंताचा आजारी दिवस गरिबाच्या आजारी दिवसापेक्षा महाग भरतो, कारण बुडालेलं उत्पन्न मोजायचं असतं. पण रकाना उघडला हे बरं झालं. चुकीचा का होईना, आकडा बसला की निदान भांडता येतं. शून्याशी कोणी भांडत नाही.

वाया जाणाऱ्या अन्नाचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये दुकानं, खानावळी आणि घरं मिळून १०० कोटी टनांहून जास्त अन्न टाकून दिलं गेलं. त्यातलं पाणी मोजतात, जमीन मोजतात, वायू मोजतात. त्यात खुरपणीचे किती दिवस गेले, हे मोजणारा तक्ता मी अजून शोधते आहे.

प्रबंधाचं शेवटी असं झालं की मी एका रकान्याचे तीन केले. पहिल्यात घरच्या श्रमाचं मोल शून्य. दुसऱ्यात पूर्ण रोजंदारी. तिसऱ्यात हंगामाप्रमाणे: मजुरांची ओढाताण असते त्या आठवड्यांत पूर्ण दर, बाहेर काम मिळत नाही त्या महिन्यांत कमी. तीन रकाने, तीन वेगळे निकाल, एकच शेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, “यातला खरा कोणता?” मी म्हटलं, तिसरा. “कमी म्हणजे किती कमी, आणि आधार काय?” यावर मी जे बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. पास झाले. बी निवडणं तिन्ही रकान्यांत नव्हतं.

आता घ्यावं का हा विषय, याचं उत्तर. गणिताची भीती असेल तर ती जाईपर्यंत वाट बघू नका, संख्याशास्त्र करता करताच जाते, किंवा जात नाही आणि तरी चालतं. शेतीची फार आवड आहे म्हणून घेणार असाल तर आधी एखादा संपूर्ण दिवस एक्सेलमध्ये घालवून बघा. जमलं तर सर्व्हेला स्वतः जा, भाड्यानं माणसं पाठवू नका. नोकऱ्यांबद्दल मला विचारू नका, प्रत्येक वर्षी वेगळं ऐकू येतं. बँका, विमा कंपन्या, अन्नप्रक्रिया, संशोधन संस्था, सगळीकडे आमची माणसं आहेत आणि सगळीकडे ती कोणाच्या तरी तक्त्यातले रकाने दुरुस्त करत बसलेली असतात. मीही तेच करते.

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरचा फोन आला. पहिलाच सर्व्हे, पहिलाच तक्ता, आवाजात तो ओळखीचा उत्साह.

“ताई, एकच शंका आहे. घरच्यांची मजुरी कुठल्या दरानं धरू?”

“दिवस किती आलेत?”

“दिवस... ते नाही घेतले. दर कळला की सरासरीनं भरणार होतो.”

“कुठे आहेस आता?”

“बसस्टँडवर. निघालोच होतो.”

“बस लागली?”

“नाही अजून.”

“मग परत जा,” मी म्हटलं. “आणि बियाणं कोण निवडतं तेही विचार.”